अलंकारांचा तास

‘हे घर म्हणजे तुरुंग आहे,’ मॅडमनी इंग्रजीत वाक्य सांगितलं आणि अलंकार ओळखायला लावला.

‘मेटाफर. रूपक,’ लॅपटॉपच्या पडद्यावरून दोघी-तिघी एकदम म्हणाल्या.

उत्तर बरोबर होतं, आणि मॅडमनी पडद्यावरून नजर वर केली. कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बेताने नवरा समोरच खुर्ची टाकून बसला होता. माहेरी जाते म्हटल्यापासून त्याने दाराला आतून कुलूप घातलं होतं, फोन काढून घेतला होता. शिकवणी तेवढी चालू ठेवली, नाहीतर लोक चौकशीला आले असते. आज वर्ग संपला की गाडीत बसायचं, कुठे ते विचारायचं नाही, असं त्याने सकाळीच बजावलं होतं. इंग्रजी त्याला चांगलं कळत होतं. धड्याबाहेरचा एक शब्द निघाला तर खैर नव्हती. उरला होता तो धडाच.

‘कितीतरी दिवसांत मी ऊन पाहिलेलं नाही.’

नवऱ्याची मान वर झाली. आता धास्ती होती ती वर्गातल्या नर्सची. परदेशी नोकरीसाठी शिकणारी, दोन गल्ल्या सोडून राहणारी ही बाई महा चिकित्सक. मॅडमचीही चूक काढायला कमी करत नसे. हे तर साधं वाक्य, यात अलंकार कुठला, असं ती फाडकन म्हणाली की संपलंच.

नर्सने पडद्याकडे वाकून पाहिलं. ‘अतिशयोक्ती,’ ती म्हणाली.

नवरा मागे रेलला. मॅडमनी जिवावर उदार होऊन पुढचं वाक्य टाकलं, ‘आजनंतर मी कुणाला दिसणार नाही.’ सगळ्यांनी एका सुरात तेच उत्तर दिलं, अतिशयोक्ती. नर्सने तर कॅमेराच बंद केला. मॅडमना रडू फुटायचं बाकी होतं. इतकं शिकवून या बायकांना साधी गोष्ट कळू नये? उलट जी ती आणखी एक उदाहरण मागत राहिली. मॅडम उपमा देत राहिल्या. नवऱ्याने घड्याळ दाखवून आवरायची खूण केली.

तेवढ्यात नर्स पुन्हा पडद्यावर आली. ड्रॅमॅटिक आयरनी राहिलीच, म्हणाली. मॅडमनी सवयीने व्याख्या सांगितली: प्रेक्षकांना जे माहीत असतं, ते पात्राला नसतं.

दाराची बेल वाजली. वाजतच राहिली. नवरा वैतागून उठला, मॅडमना डोळ्यांनी दटावलं आणि किल्ली काढत बाहेरच्या खोलीत गेला.

‘कोण गेलं दार उघडायला?’ नर्सने हळूच विचारलं.

‘हे.’

‘मग उदाहरण देते, मॅडम. एक माणूस दार उघडायला जातो. बाहेर पोलीस उभे आहेत, हे त्याला सोडून सगळ्या वर्गाला माहीत असतं.’