पोळ्याचा मान

पोळ्याचा सण, आणि हट्टा गावाच्या वेशीत बैलांच्या जागी सजवलेले सगळे ट्रॅक्टर जागच्या जागी थंड! चार दिवस डिझेलचा टँकरच आला नव्हता. तोरणाखालून पहिलं जायचा मान पंपवाल्या शेटच्या ट्रॅक्टरचा. त्यातही थेंब नव्हता. तोरणावर मात्र तेल कंपनीचं बॅनर झोकात फडफडत होतं.

"सत्यभामाबाई, गावात बैलजोडी तुमचीच उरली. वढा की शेटचा ट्रॅक्टर!" सरपंच म्हणाले.

सत्यभामाबाईचा हर्ष मनात मावेना. कितीक वर्षांनी तिच्या लाल कंधारी बैलांना कुणी बोलावलं होतं! तिनं घाईघाईनं ट्रॅक्टरला साखळी अडकवली आणि जोडी हाकली. हलगी कडाडली, शिट्ट्या घुमल्या, आणि तोंडाला फेस आलेल्या बैलांनी ट्रॅक्टर बराबर तोरणाखाली आणला.

शेटची बायको आरतीचं ताट घेऊन आली. बैलांना वळसा घालून पुढं गेली आणि ट्रॅक्टरच्या बॉनेटला कुंकू लावून ओवाळू लागली.

"अवं, बैल इकडं हायत!" सत्यभामाबाई म्हणाली.

"थांबा बाई, आधी मानाच्याला."

सत्यभामाबाईनं तिथंच साखळी सोडली आणि जोडी घराकडं वळवली.

"मंग आता मानाच्यालाच म्हणा, चाल घरी."