गाडीतली थंडी

"थर्मोस्टॅटच नाहीये, ब्रो," मेकॅनिक सेमिसी म्हणाला आणि हातातला टॉर्च त्याने शिवाजीला दिला. "तूच बघ."

शिवाजी बॉनेटखाली वाकला. ज्या जागी मुठीत मावेल एवढा एक व्हॉल्व असायला हवा होता, तिथे नुसतं भोक होतं.

महिनाभर त्याने काय काय करून पाहिलं होतं. कूलंट भरलं, पाइपांतली हवा काढली, फिल्टर बदलला, टाकानिनीतल्या आपल्या घरामागे बागेच्या नळीने हीटरची जाळी उलट्या बाजूने धुतली. सिग्नलला थांबलं की हीटर जरा कोमट व्हायचा, मोटरवेला लागलं की पुन्हा गार. शेवटी ती सात सीटची जुनी जपानी गाडी आज त्याने पापाटोएटोच्या या गॅरेजमध्ये आणली, बायकोचं, मृदुलाचं, डायलिसिस आटोपून थेट इकडेच.

"तो नसला की पाणी सारखं फिरत राहतं," सेमिसी म्हणाला. "इंजिन धड तापतच नाही, मग हीटरला ऊब कुठून येणार? आधीच्या मालकाने काढला असेल."

"मी काढला," शिवाजी म्हणाला.

जानेवारीत, इथल्या भर उन्हाळ्यात, रोटोरुआच्या वाटेवर गाडी गरम झाली होती. चिंचवडला त्याच्या वडिलांचं गॅरेज होतं, आणि तिथे तापणाऱ्या गाडीवर पहिला इलाज ठरलेला असायचा: थर्मोस्टॅट काढायचा आणि फेकून द्यायचा. चाळीस डिग्रीच्या उन्हात हीटर हवाय कुणाला? शिवाजीने तेच केलं. वर, इथल्या मेकॅनिकांना ही साधी युक्ती ठाऊक नाही, असं मृदुलाला ऐटीत ऐकवलंही. आता जुलै होता, दक्षिण गोलार्धातला ऐन हिवाळा, आणि आपणच काढलेला थर्मोस्टॅट त्याला आठवलाही नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

चूक स्वतःचीच निघाल्यावर इतका खूश झालेला माणूस सेमिसीने याआधी पाहिला नसावा. शिवाजीने त्याचा तेलकट हात दोन्ही हातांत धरला.

"आज बसेल? पार्ट मिळेल?"

"तासाभरात. स्वीट ॲज, काळजी नको."

ऑफिसात मृदुला ऑइल हीटरला जवळजवळ चिकटून बसली होती. जाकिटावर शाल, शालीवर शिवाजीचा मफलर. मशीनवरून उठली की तिचा चेहरा असाच उतरलेला असायचा.

गेल्या शुक्रवारी तिने सांगून टाकलं होतं, "अहो, या थंडीत हे येणं-जाणं आता माझ्याने होत नाही. मला थांबवायचंय." मग नर्सने दोघांना समोर बसवून समजावलं. डायलिसिस थांबवलं तर दोन आठवडे, कदाचित त्याहून कमी. निर्णय मृदुलाचा. त्या सगळ्या बोलण्यातला 'थंडी' एवढा एकच शब्द शिवाजीने उचलला होता. बाकीचं त्याला दुरुस्त करता येण्यासारखं नव्हतं.

"सापडलं!" तो दारातूनच म्हणाला. "माझाच गाढवपणा. मी तो थर्मोस्टॅट काढला ना, त्यामुळे. आता नवीन बसतोय. सोमवारी बघ, गाडीत नुसती भट्टी पेटेल."

मृदुलाने त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही काही खाल्लंत का?"

"खाणं राहू दे गं. सोमवारी डायलिसिसला जायचं ना मग?"

"आधी होऊ तर द्या."

हा काही नकार नव्हता. शिवाजीला तेवढं पुरलं. तो पुन्हा बाहेर जाऊन सेमिसीच्या डोक्यावर उभा राहिला आणि नको तिथे टॉर्च दाखवत राहिला.

साडेचारला ते मोटरवेला लागले. बाहेर नऊ डिग्री, तिरका पाऊस. गाडीने वेग घेतला तरी तापमानाची सुई मध्यावर आली आणि तिथेच थांबली. हवा आधी कोमट आली, मग खरोखरची गरम. मनुरेवा येईपर्यंत शिवाजीला घाम फुटला होता, पण त्याने बटणाला हात लावला नाही.

"बघ, बघ सुई! हलत नाही," तो म्हणाला. तो थांबेचना. ऑगस्ट एकदा संपला की दिवस मोठे होतील. सप्टेंबरमध्ये पुन्हा रोटोरुआला जाऊ. सोमवारी गाडी दहा मिनिटं आधीच चालू करून ठेवीन, तू नुसती येऊन बस.

मृदुलाने दोन्ही हात हवेसमोर धरले. उलटे केले, सुलटे केले. मग मफलर काढला, शाल काढली आणि तिची नीट चौकोनी घडी घालून मांडीवर ठेवली. आठ आठवड्यांत गाडीत तिने शाल पहिल्यांदाच उतरवली होती. शिवाजीचे डोळे भरून आले.

"लागतेय ना ऊब?"

"हो. मस्त लागतेय." तिने डोळे मिटले. ती खोटं बोलत नव्हती. "थंडी अगदी गेली बघा. छान काम केलंत."

"मग सोमवारी साडेसहाला..."

"शिवाजी," ती म्हणाली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, नावाने तिने कधी हाक मारली नव्हती. मग तिचा हात त्याच्या हातावर आला. तो खरंच गरम होता.

"एकट्याला एवढी मोठी गाडी नाही लागायची तुम्हाला. विकाल तेव्हा घेणाऱ्याला आवर्जून सांगा, हीटर उत्तम आहे म्हणून."