मागची दोन खोकी

बाबांचा हात मागच्या स्पीकरवरून फिरत होता आणि मुलाचा जीव टांगणीला लागला होता.

साखरेने डोळे नेल्यापासून घरात आलेली प्रत्येक नवी वस्तू बाबा अशी हातानेच बघत. पुढचे दोन स्पीकर झाले. मधला लांबोडका झाला. ज्यातून धडधड येते तो कोपऱ्यातला ठोकळाही चाचपून झाला. आता मागच्या भिंतीवरचे दोन उरले होते. बाबांनी एकावर बोटाने टकटक केली, मग दुसऱ्यावर. त्यांच्यापर्यंत आलेली वायरही जरा चाचपून पाहिली.

"छान बसवलंयस," ते म्हणाले आणि सुनेचा हात धरून खुर्चीत जाऊन बसले. मुलाचा जीव भांड्यात पडला.

ती दोन खोकी रिकामी होती. आत काहीच नव्हतं.

होम थिएटर बाबांसाठीच करायचं, असं तो वर्षभर ज्याला त्याला सांगत होता. "बाबा, चित्र दिसलं नाही तरी सिनेमा तुम्हाला चारी बाजूंनी ऐकू येईल. गाडी मागून आली तर आवाजही मागूनच येईल!" बाबा ते ऐकून लहान पोरासारखे हसले होते. बाबांचं नाव काढल्यावर ताईनेही सासरहून हात सैल सोडला. सुरुवात अगदी बेताची होती. ॲम्प्लिफायर कुणीतरी वापरून कंटाळलेला, वायरी भंगारातल्या, पुढचे स्पीकर घासाघीस करून आणलेले. सगळं बजेटात बसत होतं. पण टीव्हीच्या दुकानात याची मती फिरली. वरच्या मजल्यावरच्या वकिलांनी नुकताच टीव्ही घेतला होता आणि त्यांच्याहून बोटभर तरी मोठा हवा, हे याच्या डोक्यात बसलं. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. याने पाय पसरले आणि बाबांच्या अंगावरचं पांघरूण ओढून घेतलं.

मागच्या स्पीकरना काही उरलं नाही. दुरुस्तीवाल्याने जाळी लावलेली दोन रिकामी खोकी फुकट दिली. वायर मात्र याने खरीच ओढली. भिंतीच्या कडेने, क्लिपा ठोकून, ओळंब्यात. इतकं नीटनेटकं काम त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं.

"कळेल हो त्यांना," बायको म्हणाली होती.

"त्यांना कुठे दिसतंय?" तो बोलून गेला. त्यानंतर बायको त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती.

सुट्टीची दुपार होती. पडदे ओढून खोलीत अंधार केला होता. वकील आले, वकीलबाई आल्या, शेजारचे शिंपीकाका आले. "अरे वा, टीव्ही आमच्यापेक्षा मोठा दिसतोय!" वकील दारातूनच म्हणाले. तो नुसता हसला. हे वाक्य ऐकण्यासाठीच तर सगळा खटाटोप होता.

सिनेमा सुरू झाला. गाड्यांचा पाठलाग लागला आणि बाबांनी एकदम मान मागे वळवली. "अरे, मागून आली की गाडी!"

"तर काय! माझ्या तर कानाला घासून गेली," शिंपीकाकांनी री ओढली.

"आमच्याकडे हे मागचं नाही बुवा," वकिलांनीही मान्य केलं. जे नाही ते आहे म्हणायला वकिलांना कोण शिकवणार!

मुलगा सुखावला. भिंतीवर आपटून आवाज मागून येत असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. चला, बाबाही फसले.

मग सिनेमात एक बाई टेबलाशी एकटीच बसलेली दिसली. ना संगीत, ना चाहूल. खोलीत पंख्याचा तेवढा आवाज. बाबांनी पुन्हा मागे मान वळवली. "ऐका, ऐका! मागे कुणाची तरी पावलं वाजतायत."

सगळ्यांनी मागे पाहिलं आणि मग टीव्हीकडे. चालणारं कुणीच नव्हतं. "आजोबांचे कान म्हणजे कान!" वकीलबाई हसल्या. सगळेच हसले.

तो हसला नाही. त्याला सगळं लख्ख कळलं. बाबांना मागून काहीही ऐकू येत नव्हतं. ते अंदाजाने मान वळवत होते आणि या वेळी अंदाज चुकला होता. खोकी पोकळ आहेत हे त्यांना टकटक केली तेव्हाच समजलं होतं. तेव्हापासून ते चारचौघांत मुलाची लाज राखत होते. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. समोर एवढा मोठा टीव्ही, पण त्याच्याकडे बघायचं धाडस होईना. सिनेमा संपेपर्यंत बाबांनी आणखी काही वेळा मान वळवली, आणि दर वेळी त्याने आपली मान खाली घातली.

पाहुणे कौतुक करत गेले. बायकोने पडदे सारले, कप उचलले आणि ती आत निघून गेली. तो बाबांच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसला.

"बाबा, ती मागची दोन..."

बाबांनी चाचपडत त्याचं डोकं शोधलं आणि त्यावर हात ठेवला.

"राहू दे रे," ते म्हणाले. "चित्र तरी मोठं दिसतं ना तुला?"