तोरसकरचं अंदमान

दशरथ परबने स्लाइड खिडकीच्या उजेडात धरली, एक डोळा मिटला आणि त्याला आतून हसू फुटलं.

शेजारची मीरा तोरसकर दारात कौतुकाची वाट पाहत उभी होती. अंदमानच्या स्लाइड्सचं खोकं ती बिऱ्हाडाबिऱ्हाडातून फिरवत होती. हे तिथलं अस्सल जंगल, भर दुपारी अंधार असतो, असं ती सांगत होती. स्लाइडमध्ये पुढे एक माकड होतं. मागे शिवणीचं वाकडं झाड, आणि झाडाआड सिमेंटची पाण्याची टाकी, वरपासून खालपर्यंत चिरलेली. कसलं डोंबलाचं अंदमान! हे बोरिवलीचं नॅशनल पार्क होतं.

दशरथने खोकं परत दिलं आणि झकास आहे म्हणाला.

मीराचा नवरा तोरसकर मुळातच बढाईखोर. जायच्या आधी महिनाभर त्याने अंधेरीतल्या त्या अख्ख्या इमारतीला मद्रासच्या बोटीचं वेळापत्रक ऐकवलं होतं. आल्यावर नाकाची सोललेली कातडी दाखवत फिरला. मीराने घरोघर शिंपल्यांच्या माळा वाटल्या आणि बायका त्या गळ्यात घालून भाजीला जाऊ लागल्या. असल्या लोकांची दशरथला शिसारी येई.

पण त्या अंदमानच्या खुळाने त्याच्याच घरात पाय रोवला होता. लग्नाला दहा वर्षं झाली, आपण मालवणपलीकडे गेलो नाही, असं अनुपमा पंधरा दिवस ऐकवत होती. मी चार दिवस नसलो तर सेक्शन बंद पडेल, हे त्याचं ठरलेलं उत्तर या वेळी चाललं नाही.

"सोमवारी मीच येते तुमच्या ऑफिसात," ती म्हणाली. "साहेबांना भेटते, रजा मागते. बाईमाणसाला नाही म्हणणार नाहीत."

तिने साडी इस्त्री करून ठेवलीसुद्धा. बायकोने साहेबापुढे उभं राहायचं म्हणजे जन्माची शोभा. अनुपमा एकदा म्हणाली की करते, हे दशरथला माहीत होतं. रोज रात्री ती त्याच्या बुटांची लाल माती झाडायची. ऑफिससमोर रस्ता खणलाय, असं त्याने सांगून ठेवलं होतं. रोज सकाळी साडेआठला हातात डबा द्यायची. तिच्या आईने नाव घालून दिलेल्या त्या डब्याचं झाकण गेल्या महिन्यात ऑफिसात कुणीतरी ढापलं, तेव्हा दोन दिवस तिने त्या अनोळखी चोराचा उद्धार केला होता. तेही साहेबांच्या कानावर घालणार होती.

तेव्हा सोमवारच्या आत अंदमान बुडवायला हवं होतं.

रविवारी दुपारी तोरसकरच्या खोलीत खिडक्यांना घोंगड्या लावून स्लाइड्स दाखवायचं ठरलं. भिंतीवर लावायला दशरथने घरातली डबल बेडची चादर आणून दिली, चारी कोपरे स्वतः ताणून खिळ्यांना बांधले आणि अनुपमाला सगळ्यांत पुढे बसवलं. तोरसकर मशीनपाशी होता. समुद्र आला, वाळू आली, वाळूत टोपी घातलेली मीरा आली. तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या सोनूबाईंनी तिथे बांगडा मिळतो का विचारलं. मग तोरसकरने मशीन बंद केलं.

"जंगल राहिलं," दशरथ म्हणाला.

ती स्लाइड नीट आली नाही, असं तोरसकर पुटपुटला. दशरथ उठून खोकं चाळू लागला, तसा तोरसकर त्याच्या कानाशी आला.

"परब, ती नको. ऐक माझं."

दशरथने त्याच्याकडे पाहिलं. कपाळावर घाम, आवाज पडलेला. हाच माणूस महिनाभर बोटीच्या गप्पा मारत होता. दशरथला त्याची कीव आली नाही. उलट बरं वाटलं. त्याने स्लाइड शोधली, मशीनमध्ये घातली, आणि कोपऱ्यातली छत्री उचलून चादरीपाशी गेला.

"ही वाकडी शिवण," छत्रीचं टोक टेकवत तो म्हणाला. "ही टाकी, ही तिची चीर. तोरसकर, हे बोरिवली आहे."

मीरा उठून स्वयंपाकघरात गेली. मग तोरसकरने खाली बघत सांगून टाकलं: बोटीची तिकिटं मिळाली नाहीत, सगळीकडे सांगून झालं होतं, म्हणून मेहुणीकडे बोरिवलीत खिडक्या लावून दहा दिवस काढले. समुद्र जवळच्या मनोरीचा होता.

दशरथला कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतल्यासारखं झालं. तो अनुपमाकडे वळला.

"बघ, हे तुझं अंदमान. आता उद्याचं खूळ सोड."

सोनूबाई म्हणाल्या, त्यांना टाकी काही दिसत नाही, सगळं धूसर आहे. दशरथने तोरसकरला चित्र साफ करायला सांगितलं. तोरसकर जागचा हलला नाही, तेव्हा दशरथने स्वतःच मशीनपाशी जाऊन भिंग फिरवलं. टाकी होती तशीच पुसट राहिली. पुढचं माकड मात्र लख्ख झालं.

माकडाने दोन्ही हातांनी स्टीलचं एक झाकण छातीशी धरलं होतं. चादरीवर ते परातीएवढं दिसत होतं आणि त्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव सोनूबाईंनासुद्धा वाचता आलं असतं. सौ. अनुपमा द. परब.

अनुपमाने ते नाव वाचलं. मग मागे वळली.

"अहो," ती म्हणाली, "उद्या रजा मागायला मी नक्की कुठे येऊ?"