घरची भाषा

घरात कोण कोण बोलतं, असं शिक्षिकेने विचारलं, तेव्हा नातीने आईकडे बोट केलं, मग बाबांकडे, आणि पटापट उत्तर दिलं. सगळं दुसऱ्या भाषेत. आजीला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. पण सुनेचे खांदे सैल झाले, त्यावरून गाडी रुळावर आहे एवढं तिने ताडलं.

शाळा दोन भाषांची. निम्मी मुलं या भाषेच्या घरांतली, निम्मी त्या भाषेच्या. या बाजूच्या वेटिंगमध्ये मुंगी शिरायला वाव नव्हता. त्या बाजूला मात्र लवकर नंबर लागण्यासारखा होता. आजीच्या मुलाने घरची भाषा म्हणून त्या बाजूचीच लिहून दिली, आणि आईला बाजूला घेतलं. नात तेव्हा नुकती बोबडं बोलू लागली होती.

"आई, तिच्यासमोर एक शब्दही नको. ती आपलं बोलायला लागली की मुसळ केरात. एकदा जागा मिळू दे, मग बोल हवं तेवढं."

आजीचा जन्म कापडाच्या दुकानात गेला होता. बोलणाऱ्याचे कुळीथ खपतात, न बोलणाऱ्याचे गहूही खपत नाहीत, हे ती नव्या पोरींना शिकवायची. तीच आता तोंडात मूग धरून बसली. नात झोपली, की मोठा नळ सोडून भांडी घासता घासता स्वतःशीच बोलून घ्यायची. वाईट फार वाटायचं. पण पोरीचं भलं होतंय ना, मग झालं, असंही वाटायचं.

शिक्षिकेने आता हसून आजीकडे हात केला आणि काहीतरी विचारलं.

नातीने स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं आणि नकारार्थी मान हलवली. मग आजीचा हात घट्ट धरला.

आजीला कळलं. पोरगी खोटं बोलत नव्हती. तिची आजी मुकीच होती.

शिक्षिकेचा चेहरा उतरला. तिने हळू आवाजात मुलाला विचारलं, आणि विचारताना आपल्या कानाला हात लावला. ऐकू येतं म्हणावं, तर कुठल्या भाषेतलं, हा प्रश्न पुढे उभाच. मुलाने आईकडे पाहिलं. मग खाली बघून त्यानेही मान हलवली. नाही.

शिक्षिकेने हळहळून आजीचा खांदा थोपटला आणि कागदावर सही केली. जागा मिळाली. सुनेने डोळे पुसले. ती दोघं कामावर जाणार. नातीला रोज इथे आणायला आणि न्यायला आजीच येणार होती.

तेवढ्यात डोक्यावरच शाळेची घंटा घणघणली. सून दचकली. शिक्षिकेच्या हातून पेन पडलं. नात घाबरून आजीच्या कुशीत शिरली. मुलगा तेवढा श्वास रोखून आईकडे बघत राहिला.

आजीची पापणीही लवली नाही.