अर्धं सिंहासन

म्हातारे राजे गेल्यापासून सिंहासनावर बसलेले तिन्ही राजपुत्र दुपार व्हायच्या आत गुदमरून मेले होते. आता राजाच्या रक्ताची एकटी सगुणाच उरली होती, परटिणीच्या पोटची.

“अजूनही नाही म्हणू शकतेस,” प्रधान म्हणाले.

“गादी रिकामी राहिली तर शत्रू गड घेईल. माझी आई इथंच राहते,” ती म्हणाली आणि जाऊन बसली. दरबाराची दारं बाहेरून बंद झाली.

थोड्याच वेळात तिच्या गळ्याभोवती गार बोटं आवळली. “ऊठ, जागा माझी आहे,” कुणीतरी कानाशी पुटपुटलं. तो आवाज तिच्या वडिलांचा होता. त्यांनी तिला कधी मुलगी म्हटलं नव्हतं. मागोमाग तिन्ही सावत्र भाऊ तेच म्हणू लागले. श्वास अडकला तशी ती त्यांचे हात ओढू लागली, तेव्हा धाकट्याचा हात थरथरताना तिला जाणवला. मेल्यावरही तो घाबरलेलाच होता.

ती उठली नाही, कडेला सरकली. “बसा,” ती कशीबशी म्हणाली. “मावू आपण सगळे.”

गळ्यावरची बोटं एकेक करून सैल झाली.

दुपारी दारं उघडली. प्रधानांनी वाकून मुजरा केला, पण मान वर करताच ते दोन पावलं मागे सरले. नवी राणी सिंहासनाच्या अगदी काठावर बसली होती आणि शेजारच्या रिकाम्या गादीवर चार खोल खळगे पडले होते.