सिंक आणि बॅकअप

कॉम्प्युटरवरची फाईल गायब होती. खटावकर मास्तरांनी चष्मा तीनदा पुसला, तरी ती दिसेना. सात वर्षं जमवलेले मालवणी बोलीतले अकराशे शब्द होते तिच्यात आणि सोमवारी पुस्तक छापायला द्यायचं होतं.

"मी फक्त फोनवरची पुसली गं, जागा हवी होती म्हणून," ते लेकीला फोनवर सांगत होते. "कॉम्प्युटरवर होता ना बॅकअप."

"बाबा, तो बॅकअप नव्हे, सिंक. सिंक म्हणजे इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं. बॅकअप म्हणजे वेगळी ठेवलेली प्रत, तिला कशाचा धक्का लागत नाही. रिसायकल बिन बघितलात?"

"तोही रिकामा केला," मास्तर पुटपुटले. टापटीप अंगाशी आली होती.

शेजारी वाल सोलत बसलेल्या बायकोने मान वर केली. "एवढे शब्द आणले कुठनं होते तुम्ही?"

मालवण तिचं माहेर. सात वर्षं रोज जेवताना मास्तर तिलाच विचारत आले होते. प्रस्तावनेत मात्र छापखान्यापासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांचे आभार होते, तेवढी तीच राहिली होती.

"घ्या लिहून, मला सगळे तोंडपाठ आहेत," ती म्हणाली. "पण वायच थांबा. आधी मुखपृष्ठ."

मास्तरांनी नवी फाईल उघडली. सवयीने स्वतःचं नाव टाईप केलं, तिच्याकडे बघितलं, ते पुसलं आणि तिचं लिहिलं. आठवडाभरात त्यांनी पुसलेली ही पहिलीच योग्य गोष्ट होती.